बोअर करण्याआधी सिलिंडर मोजून घ्या : माझा अनुभव

माझ्या जुन्या स्प्लेंडर मोटारसायकलचे सिलिंडर बोअर करायचे, म्हणजे आतून कापून मोठे करायचे, की नाही, एवढे एकच ठरवायला मला चार दिवस लागले. त्यांपैकी साडेतीन दिवस उद्यमनगरातील एका बोअरिंगच्या दुकानात केवळ एक आकडा मिळवण्यासाठी गेले. कोल्हापूरसारख्या, इंजिनांच्या सुट्या भागांवर पोट असलेल्या गावात सिलिंडर न मोजताच कापायला घेतात, याचा राग अजून गेलेला नाही; म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गाडी हजार किलोमीटरला जवळपास पाव लिटर ऑइल खात होती. सकाळी सुरू करताना निळा धूर निघे आणि चढावर ॲक्सिलरेटर पिळला की पुन्हा निघे. पहिला धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा आणि दुसरा पिस्टनभोवतीच्या रिंगांचा असतो, हे मेकॅनिकने बरोबर सांगितले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, कमी भरले, स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडल्यावर ते वाढले. म्हणजे गळती व्हॉल्व्हपेक्षा रिंगांकडून अधिक होती. ही चाचणी ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरून करावी, नाहीतर आकडा मुळातच कमी येतो. हेड आणि सिलिंडर एका दुपारी उतरले, त्यात सांगण्यासारखे काही नाही.

सिलिंडर घेऊन मी दुकानात गेलो. मालकांनी ते हातात घेतले, वरच्या कडेखाली अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, "नख अडकतंय बघा. त्यात मोजायचं काय? बोअर करून टाका, परत बघायला नको." मी मोजमापाचा आग्रह धरला तेव्हा "उद्या या" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी आतला व्यास मोजायचे बोअर गेज वापरणारा कारागीर आला नव्हता. तिसऱ्या दिवशी डिझेल इंजिनांचे मोठे ब्लॉक आले होते आणि माझे सिलिंडर कोपऱ्यात, किसाच्या ढिगाशेजारी, तसेच पडून होते. मी ते उचलून घरी आणले आणि ती संध्याकाळ वाया गेली नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नख कशाला अडकत होते ते पाहिले. वरची रिंग जिथवर जाते त्याच्या वरचा पट्टा पिस्टन रिंगांनी घासला जात नाही आणि तिथे कार्बन साचतो. मी डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि लाकडी पट्टीने तो कार्बन काढला, तेव्हा नखाला लागणारी कडा जवळजवळ नाहीशी झाली. खरी झीज या पट्ट्याच्या लगेच खाली असते, कारण पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, ऑइलचा पापुद्रा तुटतो आणि स्फोटाचा दाब रिंगेला भिंतीवर दाबत असतो. सर्वांत खाली, जिथे रिंगा पोहोचतच नाहीत, तिथे सिलिंडर जवळजवळ कारखान्यातून आल्यासारखेच असते. हा खालचा पट्टा मला पुढे फार उपयोगी पडला.

दुसरी गोष्ट, मी बाजारातून आणलेल्या नव्या स्टँडर्ड रिंगांपैकी वरची रिंग सिलिंडरच्या तळाशी घातली, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ केली आणि तिच्या तोंडातील फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पत्त्यांनी, पाहिली. ०.२० मिलिमीटरची पत्ती बसली, त्यापुढची बसेना. तीच रिंग सर्वाधिक झिजलेल्या जागी नेली तर ०.३० ची पत्ती बसली. फटीतला फरक ०.१०, परीघ व्यासाच्या ३.१४ पट असल्यामुळे त्याला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक साधारण ०.०३ मिलिमीटर येतो. ज्याच्याकडे फिलर गेजखेरीज काहीही नाही, त्यालाही झिजेचा अंदाज एवढ्यावर येतो. गोलाई किती बिघडली आहे ते मात्र यातून कळत नाही. त्यासाठी बोअर गेजच हवे.

चौथ्या दिवशी गेज बाहेर निघाले. कारागिराने वर एकच माप घेतले आणि "५०.१२" असे सांगितले. स्प्लेंडरचा बोअर मुळात ५० मिलिमीटरचा, म्हणजे १२ शतांश मिलिमीटरची झीज. मालकांनी लगेच ०.२५ ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठ्या, पिस्टनची किंमत सांगायला सुरुवात केली. माझ्या फिलर गेजने सांगितलेला फरक ३ शतांशांचा होता आणि हा आकडा त्याच्या चौपट. मी नम्रपणे विनंती केली की, हेच गेज अगदी तळाशी, जिथे रिंग जात नाही तिथे, एकदा लावून दाखवा. तिथे ५०.०९ आले. ज्या जागी पिस्टनच्या रिंगेने कधी स्पर्शही केलेला नाही, तिथे ९ शतांशांची झीज होऊच शकत नाही. कारागीर मन लावून काम करणारा होता, त्याला ते तत्काळ पटले. ज्या मायक्रोमीटरवर ५० मिलिमीटर धरून त्याने गेज शून्य केले होते, त्यात त्याने पेटीतला ५० मिलिमीटरचा प्रमाण दांडा धरला, तर मायक्रोमीटर ५०.०८ दाखवत होता. त्याने तो जुळवला, गेज पुन्हा शून्य केले आणि मग खरे मोजमाप सुरू झाले.

ते पाहण्यासारखे होते. गेज आत सोडून तो दांडी हलकेच पुढे-मागे झुलवत होता आणि काटा जिथून माघारी वळे तोच आकडा वाचत होता. वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येक उंचीला गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दिशेत आणि तिच्या काटकोनात, अशी सहा मापे घेतली. काटकोनातली मापे वर ५०.०४, मध्ये ५०.०२ आणि खाली ५०.०१ आली, पिनच्या दिशेत वरचे माप ५०.०३ होते. सर्वाधिक झीज काटकोनात असणे स्वाभाविकच आहे, कारण पिस्टन त्याच बाजूंना भिंतीवर रेलतो. वर-खाली फरक ०.०३, म्हणजे माझ्या घरच्या हिशेबाशी तंतोतंत जुळणारा. जुना पिस्टन स्कर्टच्या खालच्या भागात, पिनच्या काटकोनात, मोजला तर ४९.९७ भरला. सर्व्हिस मॅन्युअलच्या मर्यादांशी सगळे ताडून पाहिले. सगळे आत होते. बोअरची गरज नव्हती.

सिलिंडर उन्हातून आणून लगेच मोजू नये, हे इथे सांगायचे राहू नये : ५० मिलिमीटरचे बीड २० अंशांनी तापले तरी व्यास सुमारे १ शतांशाने वाढतो, आणि आपण भांडत असतो ते शतांशांसाठीच.

"कापून टाका" या सल्ल्याचा मला एवढा त्रास का झाला, तेही सांगतो. एकदा बोअर केलेले सिलिंडर परत लहान होत नाही. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात आणि विनाकारण बोअर करणे म्हणजे त्यातली एक पायरी फुकट घालवणे. बाजारात नवे किट मिळते हे खरे. पण वडिलांनी घेतलेल्या गाडीचे मूळ सिलिंडर मला जपायचे होते. उद्या खरोखर बोअर करायची वेळ आली, तर पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो मोजून मगच त्याच्या मापाने कापायला द्यावे.

मी फक्त होनिंग, म्हणजे दगडाने आतली भिंत हलकीशी खरवडण्याचे काम, करून घेतले, कारण गुळगुळीत चकाकलेल्या भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत. फुलीसारख्या बारीक रेघांमध्ये ऑइल टिकते. नंतर सिलिंडर साबणाच्या कोमट पाण्याने धुतले, पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत पुसले आणि लगेच ऑइल लावले. होनिंगनंतर तळाचा एक आकडा पुन्हा पडताळून घेतला. नव्या रिंगा, नवे व्हॉल्व्ह सील आणि पिन जागेवर धरणारे नवीन सर्क्लिप बसवले. पिस्टनवरची 'इन' ही खूण इनलेटच्या बाजूला येईल असे पाहावे. मेकॅनिक घाईत असला तर स्वतः पाहावे.

हजार किलोमीटर झाल्यावर डिपस्टिक पुसून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली होते. ते सहा आकडे लिहिलेला कागद मी गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात, तारीख घालून, ठेवला आहे.