काय फाटला गो?

श्रावणातली दुपार. पडवीत भाची लॅपटॉप घेऊन बसलेली, शेजारी आई आठळ्या सोलत होती.

"मामा, फेटल!"

"काय फाटला गो?" आईने मान वर न करता विचारलं.

फाटलं काहीच नव्हतं. पोरीने नव्या फोल्डरात गिटला, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला, 'स्टेटस' विचारलं होतं. उत्तर आलं, 'फेटल', म्हणजे जीवघेणी चूक: हे गिट रिपॉझिटरी (नोंदींचं घर) नव्हे, 'ऑर एनी ऑफ द पॅरेंट डिरेक्टरीज', म्हणजे वरचे बाप-फोल्डरही नव्हेत.

मला एकदम तिठा आठवला. मे महिन्यात मुंबईहून येऊन यष्टीतून उतरलं, की दुकानासमोरच्या बाकड्यावर एक आजोबा बसलेले असत. "कोणाचो रे तू?" मी माझं नाव सांगायचो. ते त्यांना नकोच असायचं. "बापाशीचा नाव काय?" तेही सांगायचो. "आजो कोण तुझो?" कुठेतरी ओळख पटली, की "मगे तसा सांग मा!" गिटचंही तेच. या फोल्डरात 'डॉट गिट' हा नोंदींचा कप्पा नाही? मग बापाच्यात बघ, मग आजाच्यात, पार मुळापर्यंत. फक्त ओळख नाही पटली तर आजोबा गुमान पानाला चुना लावायचे. फेटल वगैरे नाही.

'गिट इनिट' केलं, म्हणजे नवी रिपॉझिटरी मांडली. पोरीने 'लॉग' (नोंदींची यादी) मागितला. पुन्हा फेटल: या शाखेवर (नोंदींच्या ओळीवर) अजून एकही कमिट, म्हणजे जतन केलेली नोंद, नाही. अरे, नसणारच! आत्ता तर चूल मांडली. 'हेड' नावाची फाइल उघडली, तर तिचं बोट मास्टर शाखेकडे, आणि मास्टरचा पत्ताच नाही. ती जन्मते पहिल्या कमिटबरोबर. तोवर गिटच्या बोलीत 'अनबॉर्न'. जे जन्मलंच नाही त्याच्या जिवावर काय बेतणार? लिनस टॉरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स प्रणालीच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) भरल्या गोकुळासाठी. रिकाम्या घराशी कसं बोलावं, हा प्रश्नच पडला नसावा.

कमिट झालं. ते गिटहब या साइटवर पाठवायला 'पुश' केल्यावर 'एसआरसी रेफस्पेक मेन डज नॉट मॅच एनी'. हे इंग्रजी आहे म्हणतात. गिटहबवर २०२०पासून नव्या रिपॉझिटरीच्या पहिल्या शाखेचं नाव मेन, आमच्या लॅपटॉपवर बारशाचं मास्टरच. नाव बदललं, गेलं.

गेल्या मे महिन्यात याच पोरीला घेऊन तिठ्यावर उतरलो होतो. बाकडं अजून आहे. यष्टीतच तिच्याकडून सगळं घोकून घेतलं होतं, पार पणज्यापर्यंत.

विचारायला कोणी नव्हतं.