दिंडीच्या पुढे पळालेले चौघे

ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर वारीत निघालेल्या आमच्या चौघांत एक पक्का ट्रेकर आहे. सासवडच्या मुक्कामी पोचलो त्या रात्रीच त्याने हिशेब मांडला. सासवड ते जेजुरी १६-१७ किलोमीटर, डांबरी रस्ता, दिवे घाट मागे पडलेला. फार तर चार तास. दर पावसाळ्यात गडकिल्ले चढणाऱ्यांना हे काय? डॉक्टर, मास्तर आणि मी, तिघांनीही माना डोलावल्या. आळंदी ते पंढरपूर पूर्ण चालण्याइतकी रजा कुणाकडेच नव्हती. सासवड ते तरडगाव एवढाच तुकडा वाट्याला होता, तर तो तरी झोकात चालू म्हटलं.

मास्तरांच्या ओळखीने परभणीकडच्या एका दिंडीत, म्हणजे एकत्र चालणाऱ्या वारकऱ्यांच्या गटात, भिशी म्हणजे वर्गणी भरली होती. भिशी भरली की दोन वेळचं जेवण, तंबूत अंग टाकण्यापुरती जागा आणि ट्रकमध्ये सामान, एवढी सोय होते. पहाटे पहिला कर्णा वाजायच्याही आधी आम्ही बूट बांधून रस्त्याला लागलो. नऊच्या सुमाराला जेजुरीत!

आणि मग काही नाही. पालखी यायची संध्याकाळी. दिंडीचा ट्रक मागे, तंबू ट्रकमध्ये, जेवणाची पंगत यमाई शिवरीला, तीही मागेच. पालखीच्या मुक्कामाच्या तळावर चुन्याच्या रेघा आणि आम्ही चौघे. दुपारी वडापाव खाल्ला, एका दुकानाच्या पायरीवर पेंगलो. संध्याकाळी माऊलींवर भंडारा उधळला गेला, रथ, बैल, माणसं सगळी पिवळीधमक झाली. ते आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलं. बघे म्हणून. रात्री तंबूत शिरताना दिंडीचे महाराज हसत म्हणाले, "काय माऊली, आज कुणाच्या दिंडीत होता?"

दुसऱ्या दिवशी निमूट दिंडीत राहिलो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, गळ्यात वीणा घेतलेले विणेकरी आणि मागे बायका, अशी ती रांग. जेजुरी ते वाल्हे जेमतेम १२ किलोमीटर. याला कितीतरी वेळ लागला. शंभर पावलं चालायची की थांबायचं. पुढे काय झालं ते कळत नाही, एक अभंग होतो, दुसरा होतो, कुणी फुगडी घालतं, मग पुन्हा चाल. दौंडजच्या अलीकडे एका जागी एवढा वेळ उभे होतो की ट्रेकरने सवयीने तीनदा घड्याळ पाहिलं. शेजारच्या आजींनी ते टिपलं. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर पितळेचं तुळशीवृंदावन, पायात झिजलेल्या स्लिपर.

"कामून घाई करायलास रे लेकरा? माऊली काय पळून चाललेत का?"

तो ओशाळला. पण खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांचीच गोची झाली होती. चालायची सवय होती, थांबायची नव्हती. चालून पाय दुखतात ते वेगळं. उभं राहून पोटऱ्या आणि कंबर जी भरून येते, तिच्यावर डॉक्टरांच्या पिशवीतही इलाज नव्हता. उलट डॉक्टरांच्याच टाचेला महागड्या बुटांनी फोड आला. आजींनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला, पाणी झिरपून जावं म्हणून. डॉक्टर आधी निर्जंतुक वगैरे पुटपुटले, मग सुई आपल्याच सॅनिटायझरने पुसून मुकाट पाय पुढे केला.

चालता चालता आजी सांगत होत्या. वीस-बावीस वाऱ्या झाल्या, मधली दोनच चुकली, २०२० आणि २०२१. "त्या दोन सालाला माऊली एसटीनं गेले. म्या काय करावं? रोज सकाळी आंगणात तुळशीभोवती चालायची. सून म्हनायची, आत्या, चक्कर येईल." यावर आम्ही हसलो, त्याही हसल्या.

या वारीत मला सगळ्यात भावलं ते वाल्ह्याच्या तळावर, समाजआरतीला. हे पुण्यात पालखी बघून घरी जाणाऱ्याला कधी दिसत नाही. पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवती गोळा होतात आणि टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ उठतो की शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग चोपदार हातातला चोप, म्हणजे काठी, उंच करतात. झटक्यात सगळं शांत. लाऊडस्पीकरवरून कुणी ओरडलेलं नाही, पोलिसाने शिट्टी मारलेली नाही. त्या दिवशी मात्र एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. मास्तर म्हणाले, "कळलंय म्हणूनच वाजवतायत." ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही; चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग ते टाळ थांबतात. तक्रार काय होती ते आमच्यापर्यंत पोचलं नाही. पण बाकी सारा समाज त्यांच्यासाठी उभा होता, पाय दुखत असूनही. आमच्या सोसायटीच्या सभेत मी हे सुचवून पाहणार आहे, फक्त टाळ कुणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न आहे.

नंतर हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. पाकीट, पिशवी, आणि काळ्या काड्यांचा चष्मा. डॉक्टरांनी कपाळावर हात नेला. चष्मा सकाळपासून नव्हता, आणि ते "गर्दीत गेला" म्हणून विषय संपवून बसले होते. खूण पटवून तो परत मिळाला. एका काडीला हळद लागली होती.

नीरेला माऊलींच्या पादुकांना स्नान झालं. गर्दी एवढी की मला फक्त वर धरलेले हात दिसले. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. लोणंदला रात्री पाऊस, तंबूत पाणी. त्याबद्दल अधिक न लिहिलेलं बरं.

लोणंद ते तरडगाव आठेक किलोमीटर, आणि वाटेत चांदोबाचा लिंब. वारीतलं पहिलं उभं रिंगण इथे होतं. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळ धरतात आणि मधल्या मोकळ्या पट्टीतून दोन घोडे धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, ती माऊलींची. आम्ही किती वेळ आधी जागा धरून बसलो होतो, विचारू नका. ट्रेकर आजींचं तुळशीवृंदावन मांडीवर घेऊन बसला होता, कारण त्या चहाला गेल्या होत्या आणि "हलू नको" असं बजावून गेल्या होत्या. घोडा आला तो एका श्वासात आला आणि गेला. मग ओळी मोडल्या, माणसं वाकून टापांखालची माती कपाळाला लावू लागली. ट्रेकरला वाकता येईना. दोन्ही हात तुळशीला. आजींनीच चिमूटभर माती त्याच्या कपाळाला लावली आणि तुळस परत डोक्यावर घेतली.

तरडगावला आमची रजा संपली. निरोप घ्यायला आजींना शोधलं, तर त्या टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या. पाया पडलो. "जावा नीट," म्हणाल्या आणि रांग सरकली तशा पुढे सरकल्या.