शाडूतला काराकोरम फॉल्ट: तिसरा प्रयत्न

काराकोरम फॉल्ट म्हणजे लडाखमधून जाणारा जमिनीतला मोठा तडा, ज्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना घासत आडव्या सरकतात. तो मातीत करून बघायचा प्रयोग दोनदा फसल्यावर रविवारी पुन्हा मांडामांड केली आणि या खेपेला भेगा आल्या. गणपतीचा उरलेला शाडू, खाली एकमेकींना खेटून प्लायच्या दोन फळ्या, वर चार सेंटिमीटरचा थर. पहिल्यांदा माती घट्ट होती, फटीवर सरळ एकच चीर गेली. दुसऱ्यांदा इतकी सैल की नुसत्या सुरकुत्या. आता चक्क्याइतकी घट्ट ठेवली.

पलीकडची फळी उजवीकडे सरकवत गेलो, कारण काराकोरम फॉल्ट उजवा आहे. कुठल्याही काठावर उभे राहा, समोरची बाजू उजवीकडेच गेलेली दिसते. बराच वेळ काही नाही, मग एकदम तिरप्या बारीक भेगांची रांग! कोनमापकाने फळ्यांच्या फटीशी १४ ते १८ अंश. भूवैज्ञानिक रीडेल यांनी १९२९ साली ओल्या मातीत दाखवल्या त्याच या. प्रत्येक पुढची भेग आधीच्या भेगेच्या डाव्या अंगाला उमटते. आणखी रेटलं की भेगा एकमेकींना जोडू बघतात, मधली माती दाबली जाते आणि वर फुगते.

तो फुगवटा बघून हात थांबला. लडाखमध्ये तांगत्सेजवळ फॉल्टच्या दोन शाखा आहेत आणि त्यांच्यामध्ये चिमटून वर आलेली पँगाँग रांग. नकाशात ती कितीदा बघितली होती, पण बोटांना आत्ता कळली.

मग तांगत्सेचे जुने फोटो उघडले. तिथला मायलोनाइट म्हणजे खोलवर, तापलेला असताना ताणला गेलेला खडक. त्यातलं क्वार्ट्झ हे खनिज शेवयांसारखं लांबलेलं, मध्ये फेल्डस्पार या दुसऱ्या खनिजाचे डोळ्यांसारखे दाणे, दोन्ही टोकांना शेपट्या. शेपट्यांवरून सरकण्याची दिशा वाचतात. माझ्या सर्वांत देखण्या फोटोत ती डावी निघत होती! दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कडेला दिसलं की तो धोंडा दरडीतून गडगडत, उलटापालटा होत आलेला. सुट्या धोंड्यावरून दिशा वाचत बसलो होतो, धन्य! फोटो जागच्या खडकाचाच घ्या, आणि शेजारी उत्तरेचा बाण ठेवा.

आता खरी डोकेदुखी: फॉल्ट एकूण सरकला किती? १९८०च्या दशकात हजार किलोमीटरचाही अंदाज मांडला गेला होता. फॉल्ट ओलांडताना सिंधू नदी घेते ते वळण सुमारे १२० किलोमीटर सांगतं. वेगाचंही तसंच, वर्षाला ३० मिलिमीटरच्या आसपास ते अवघे ४. माझ्या ट्रेमध्ये तर उत्तर मला माहीत होतं: फळी ३० मिलिमीटर सरकली. तरी मातीवर ओढलेली रेघ भेगांपाशी १९ मिलिमीटरच तुटली. उरलेले ११ मिलिमीटर रेघेच्या वाकण्यात जिरले. भेगेला पट्टी लावून मोजणारा फसणारच.

पुढच्या वेळी एक ओढा सुरुवातीलाच कोरणार आणि दुसरा फळी अर्धी सरकल्यावर. नदी फॉल्टपेक्षा वयाने लहान असली तर किती कमी दाखवते, ते बघायचंय.