पुढे काय लिहायचं?

रविवार, रात्री साडेअकरा

शेवटची कथा हातावेगळी करून सहा आठवडे झाले. तेव्हापासून एक ओळही धड लिहिलेली नाही. वही उघडते, टिपणं चाळते, मिटून ठेवते. आज मात्र निकाल लावल्याशिवाय झोपायचं नाही.

पहिला विषय कादंबरीचा. दोन भाऊ आणि त्यांचं तीस वर्षांचं वैर. आराखडा दोन वर्षांपासून तयार आहे: चोवीस प्रकरणं, प्रत्येकाचा सारांश, कोण कधी किती वर्षांचा याचा तक्ता. दुसरा विषय म्हणजे माझ्या रहस्यकथेतल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा नवा तपास. ज्यांनी ती कथा वाचली ते अजूनही बाईंची चौकशी करतात, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो. तिसऱ्याला विषय तरी कसं म्हणू? वहीत दोनच ओळी आहेत: ‘एक बाई जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर वारलेल्या नवऱ्याची सही गिरवते आहे. शेवटचा फराटा जमत नाही.’

अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. मला कामावर जायच्या आधी तासभर मिळतो आणि त्यात २०० शब्द झाले तर तो दिवस चांगला. म्हणजे ६०,००० शब्दांचा पहिला खर्डा व्हायला ३०० दिवस, तेही एकही खाडा न करता. इतके दिवस हेच गणित कादंबरीच्या आड येतंय असं मी समजत होते. पण आज सातव्या प्रकरणाचा सारांश पुन्हा वाचला: ‘धाकटा पत्र फाडतो. थोरला बघतो, बोलत नाही.’ वाचून आत काहीच हललं नाही. त्या भावांचं सगळं मला माहीत आहे, आणि भेटेल त्याला मी ते सांगूनही झालंय. आता लिहायला बसले तर नुसती नक्कल उतरवल्यासारखं होईल.

बाईंचं तसं नाही, त्या माझ्या लाडक्या आहेत. पण नवा गुन्हा शोधायला बसले की मी पहिल्याच कथेचा साचा काढते. त्या थांबतील, त्यांना घाई नाही.

सही गिरवणाऱ्या बाईबद्दल मात्र मला काहीच माहीत नाही. ती हे का करते? बँकेचं काही काम अडलंय की हात नुसता त्याच्या हाताच्या वळणाने फिरवून बघायचाय? दुपारी मी स्वतः एका कागदावर कुणाची तरी जुनी सही गिरवून पाहिली. अक्षरं जमतात. फराटा जमत नाही, कारण तो वेगात मारलेला असतो आणि आपण जपून काढतो. पेन टेकवून हळू ओढलं की शाई जाड होते, रेघ थरथरते. हे हातालाच कळलं, नुसत्या विचाराने सुचलं नसतं. मग पंधरा-वीस वेळा तोच फराटा मारत बसले.

प्रथमपुरुषी निवेदनात सुरुवात करून पाहिली, चार ओळींत अडकले. ‘मी’ म्हटलं की तिला कारण सांगावं लागतं, निदान ते लपवावं तरी लागतं. तृतीयपुरुषात तिच्या हाताजवळ राहता येतं, मनात न शिरता. तेच धरते. लांबी किती होईल ठाऊक नाही. चार हजार शब्द, कदाचित त्याहून कमी.

कादंबरीची फाईल वरच्या कप्प्यात ठेवली. ठेवताना वाईट वाटलं, दोन वर्षं तिच्यात गेली आहेत.

पहिलं वाक्य झालं: ‘तिने कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि आधी पेन झटकलं.’ दुसऱ्या वाक्यात ती दार लावून घेते. घरात आणखी कोण आहे, ते उद्या सकाळी बघते.