डाव्या खुब्याची वारी

यंदा माझी वारी मुंबईतच, लालबाग ते वडाळ्याचं विठ्ठल मंदिर. जेमतेम पाच किलोमीटर. मोठी जाऊ म्हणाली, "ह्यालाही वारीच म्हणायचं का गं?" मी गप्प बसले, पण लागलं.

दोन वर्षांपूर्वी आळंदीहून निघाले होते. दिवेघाट, जेजुरी, लोणंद, वाखरी सगळं एकात एक मिसळलंय. तंबूत डाव्या कुशीवर वळता यायचं नाही, तेवढं लख्ख आठवतं. दुखायचा गुडघा, म्हणून वर्षभर गुडघ्यालाच तेल चोळलं. त्याचा एक्सरे स्वच्छ निघाला. मग डॉक्टरांनी उताणं झोपवलं, गुडघा दुमडून मांडी आत वळवली आणि जांघेत अशी कळ आली की बाहेर बसलेली सून धावत आत आली. खुब्याचा उखळीचा सांधा झिजलेला. त्याचं दुखणं गुडघ्यातही उतरतं म्हणे. आधी मांडी आत वळेना, मग उकिडवं बसता येईना, आता पायाची नखं सून कापते.

एकादशीला परळपर्यंत बरं चाललं. हिंदमाताच्या पुलाखाली मात्र डावा पाय टेकला की कमरेची उजवी बाजू खचायची आणि तोल सावरायला अंग डावीकडे झुकायचं. मागून फोटो काढणारी पोरं, "आजी, जरा बाजूला." तिथेच भडकले. पोरांवर, टाळांवर, खरं सांगायचं तर विठ्ठलावरही.

कठड्यावर एक गृहस्थ बसले होते, कपाळाला बुक्का.

"माउली, दुखतंय डावं ना? मग काठी उजव्या हातात घ्या."

मला थट्टाच वाटली. ते उठले, माझीच काठी घेऊन चालून दाखवलं. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे. कमर तोलून धरणाऱ्या स्नायूंचं ओझं पलीकडच्या हातातली काठी वाटून घेते. त्यांनी खटका दाबून काठी दोन भोकं खाली केली, मूठ माझ्या मनगटाशी लावून बघितली, परत एक भोक वर. त्यांनी स्वतः दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलेलं, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्तच पोचेना, तो खचला. चाळिशीतच दोन्ही खुबे बदलले. सांगत होते असं, की दुसऱ्या कुणाचं आहे.

पाच-सहा पावलं वेडीवाकडी पडली. मग एक नेमकं टाळावर पडलं. मी मोठ्याने "ज्ञानबा-तुकाराम" म्हटलं, स्वतःलाच दचकवून.

दादर टीटी, पाच उद्यान कधी गेलं कळलं नाही. कात्रक रोडवरची रांग मात्र चालण्यापेक्षा जड. एका जागी उभं राहिलं की खुबा आखडतो. हा कमरेवर हात ठेवून युगानुयुगं उभा, तेही दोन्ही पायांवर सारखा भार देऊन! हेवा वाटला. तासाभराने रांग सोडली आणि कळसाला हात जोडले.

टॅक्सीत आधी बूड टेकलं, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. हेही त्यांनीच सांगितलेलं.