कातकरी वाडीतले जातीचे दाखले : माझा अनुभव

रायगड जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांवर अनुसूचित जमातीचे दाखले काढून देण्याचं काम मी करते. कातकरी ही कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. तरीही दाखला नाही म्हणून आश्रमशाळेतून पुढे गेलेल्या मुलाची शिष्यवृत्ती अडते, घरकुलाची फाइल थांबते. जात कोणी नाकारत नसतं, पण ती दाखवणारा कागद घरात नसतो.

दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. माणसं वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यानंतर लावणीची मजुरी सुरू. म्हणून सह्या, अंगठे, फोटो आणि चौकशी ही कामं गणपती ते दसरा या काळात उरकायची, आणि जुने कागद शोधायचं काम वाडी बाहेरगावी असताना आपण करायचं. शिबिर जानेवारीत ठेवलं तर म्हातारी माणसं आणि कुलूपबंद झोपड्याच भेटतात.

दाखला एकेकट्या माणसाचा काढू नये, भावकीचा काढावा. अनुसूचित जमातीसाठी कायद्याने धरलेली तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. त्या वेळी कुटुंब कुठे राहत होतं आणि नोंदीत जात काय आहे, हे दाखवावं लागतं. अर्जदाराच्या बापाने शाळा पाहिलेली नसते. पण चुलत्यांपैकी एखादा दुसरीपर्यंत शिकलेला निघतो, एखाद्या आत्याचं नाव पटावर सापडतं. बापाकडच्या रक्ताच्या नात्यातला असा एक कागद हाती आला की वंशावळीच्या आधाराने वीस-पंचवीस अर्ज उभे राहतात. म्हणून मी सगळ्यात आधी वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसून वंशावळ लिहून घेते.

वर्ष विचारून उत्तर येत नाही. जांभूळपाड्याच्या बाजूला मी विचारते, "आजी, अंबेला पूर आला तेव्हा तुझा थोरला चालत होता का गं, का पोटात होता?" तो अंबा नदीचा पूर जुलै 1989 चा. त्याआधीच्या पिढीसाठी कोयनेचा भूकंप, म्हणजे डिसेंबर 1967. यावरून शाळेच्या रजिस्टरची कुठली पानं चाळायची ते कळतं. नाहीतर मुख्याध्यापकांसमोर चाळीस वर्षांचं दप्तर उघडून बसावं लागतं.

शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मागायचा, नुसतं बोनाफाइड नको. शाळा बंद पडली असेल तर केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात दप्तर शोधायचं. शाळेत काहीच नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीपुढे जात लिहिलेली असते. नकलेचा अर्ज देताना गावाचं नाव आणि वर्षांचा पट्टा लिहावा. "आमच्या आजोबांची नोंद" एवढंच लिहिलं तर कोणी शोधत नाही. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडावं लागतं.

खरी अडचण नावांची. जुन्या नोंदीत आडनाव नसतं, 'लखमा बिन धाकल्या, काथोडी' (धाकल्याचा मुलगा लखमा) एवढंच असतं. शाळेत त्याच घरातल्या मुलाचं आडनाव 'कातकरी', आणि आधारवर 'वाघमारे'. कातकरी, काथोडी, सोन काथोडी, ढोर काथोडी ही सगळी नावं अनुसूचीत एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे जातीच्या उल्लेखातल्या फरकाची भीती नको. व्यक्तीच्या नावातला फरक मात्र प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावा लागतो: अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती. या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. भट्टीवरून उचल घेऊन जगणाऱ्या घराला दलाल पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतो, तेव्हा मला फार राग येतो. तो स्टॅम्प लागतच नाही.

लग्न झालेल्या बाईचा दाखला माहेरच्या कागदांवर आणि माहेरच्या नावाने निघतो. नवऱ्याचे कागद जोडलेले अर्ज हमखास परत येतात. माहेर दुसऱ्या प्रांताधिकाऱ्यांच्या (दाखला देणाऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यांच्या) हद्दीत असेल तर अर्जही तिकडेच करावा लागतो, म्हणून सुनांची यादी मी वेगळी ठेवते.

अर्ज सेतू केंद्रातून ऑनलाइन जातो. स्कॅन केलेला प्रत्येक कागद 75 ते 500 केबीच्या आतच हवा. 75 पेक्षा लहान फाइलही घेतली जात नाही. मोबाइल नंबर घरातल्याच कोणाचा तरी द्यावा. केंद्रचालकाचा दिला की पुढचे सगळे संदेश त्याच्याकडे जातात. इंग्रजी स्पेलिंग आधार समोर धरून एकेक अक्षर तपासावं, कारण शिष्यवृत्तीच्या अर्जात तेच नडतं. पावतीवर मुदतीची तारीख असते, ती पावती जपायची.

काहीच नोंद न सापडलेली घरंही असतात. तिथे तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांची गृहचौकशी मागायची: वाडीवर येऊन पंचांसमोर जबाब, त्याच भावकीत आधी निघालेल्या दाखल्यांच्या प्रती, आणि ग्रामसभेचा ठराव. नोव्हेंबर 2023 मध्ये पीएम-जनमन ही आदिम जमातींसाठीची केंद्राची योजना सुरू झाल्यापासून महसूल खात्याची शिबिरं वाडीपर्यंत येऊ लागली, हे फार चांगलं झालं. पण वंशावळ आणि नकला आधीच तयार असतील तरच शिबिरात दाखला हाती पडतो. नाहीतर त्या दिवशी फक्त अर्ज भरले जातात, आणि त्रुटी निघेपर्यंत घर भट्टीवर गेलेलं असतं.

अर्ज फेटाळला तर कारणासह लेखी आदेश मागावा. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. आदेश हातात आल्यापासून 30 दिवसांत करता येतं. भट्टीवर गेलेल्या माणसाला आदेश वेळेत मिळावा म्हणून पत्त्यात वाडीबरोबर अंगणवाडी सेविकेचं नाव, तिला विचारून, लिहिते. दाखला निघाला की त्याच नकलांचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात ठेवायला देते. मूल बारावी विज्ञानाला गेलं की जातीचा दाखला तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढे हेच कागद पुन्हा लागतात.