आमची वाटचाल : वागळे इस्टेटमधून तुर्भ्याला जाणाऱ्या फाइली

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर घेऊन आम्ही डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं काम, सुरू केलं. लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, पतपेढ्यांची पासबुकं. बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि गुंडाळी करून छापखान्यात न्यायची. पुढे छपाईची प्लेट थेट कॉम्प्युटरवरून निघायला लागली आणि गुंडाळीच्या जागी सीडी आली. ऑफिसमधला पोरगा ती घेऊन ठाणे-वाशी लोकलने नवी मुंबईत, तुर्भ्याच्या प्रेसला जायचा. पावसाळ्यात सीडीला पिशव्या तीन आणि पोराला छत्री एकच.

मग तुर्भ्याच्या प्रेसने सर्व्हर लावला आणि आम्ही फाइलझिला घेतलं. इंटरनेटवरून फाइली पाठवायचा, २००१ पासूनचा मोफत प्रोग्राम. त्यामागची एफटीपी ही फाइली पाठवायची पद्धत तर १९८५ सालीच पक्की झालेली. डावीकडे आपलं फोल्डर, उजवीकडे त्यांचं, ओढून टाकलं की झालं. ते इतकं सोपं होतं की फाइल नीट पोचली का, हे कुठे बघायचं ते आम्ही शिकलोच नाही.

एका दिवाळी अंकाचं काम होतं. नऊ फर्मे, म्हणजे एकत्र छापायचे पानांचे संच, प्रत्येक सोळा पानांचा. रात्री साडेदहाला ऑपरेटरने सगळे फर्मे रांगेत टाकले. बारा वाजून गेल्यावर मी पाहिलं, रांग रिकामी. कॉम्प्युटर चालू ठेवून शटर ओढलं आणि घरी गेले. पहाटे पावणेपाचला मशीनवाल्या काकांचा फोन : "ताई, सातवा फर्मा उघडतच नाही. मशीन थांबवून बसलोय."

धावत आले. स्क्रीनच्या तळाशी तीन टॅब होते : क्यूड (रांगेतल्या), फेल्ड (फसलेल्या) आणि सक्सेसफुल (पोचलेल्या). मधल्या टॅबवर कंसात १. कनेक्शन तुटलं होतं. प्रोग्रामने ठरलेल्या वेळा पुन्हा प्रयत्न केले आणि मग ती फाइल रांगेतून उचलून फेल्डमध्ये टाकली. रांग रिकामी होण्याचं कारण हेच. प्रेसकडे अर्धवट फाइल त्याच नावाने बसली होती, त्यामुळे नऊ नावं मोजून त्यांनाही शंका आली नव्हती. फाइलवर राइट क्लिक करून ती परत रांगेत घातली, 'रिझ्यूम' निवडलं. तुटली होती तिथून पुढे वीस मिनिटांत गेली. प्रेसच्या शेठनी बिलातून एक रुपया कापला नाही. ते मला अजून आठवतं.

त्या दिवशीच सेटिंगमध्ये जाऊन लॉग, म्हणजे प्रोग्राम आणि सर्व्हरमधल्या बोलण्याची नोंद, फाइलमध्ये उतरवायला सुरुवात केली, प्रत्येक ओळ वेळेसह. हिरव्या ओळीत २२६ आकडा दिसला, की सर्व्हर म्हणतोय फाइल पूर्ण मिळाली. लाल ओळ दिसली की थांबायचं आणि वाचायचं. पण याची उलटी बाजूही आम्ही अनुभवली. एफटीपीत आज्ञा एका कनेक्शनवरून जातात आणि फाइल दुसऱ्यावरून. मोठी फाइल चढत असताना आज्ञांची वाट बराच वेळ गप्प राहते आणि मधला राउटर ती बंद करून टाकतो. मग फाइल पूर्ण पोचलेली असते, २२६ मात्र येतच नाही आणि प्रोग्राम तिला फेल्ड समजतो. दोनदा आम्ही अशीच पोचलेली फाइल पुन्हा चढवत बसलो.

म्हणून आता आकार बघतो, तोही एमबीत नाही, बाइटमध्ये. ऑपरेटर वहीत फर्म्याचा नंबर लिहितो, आपल्याकडचे बाइट लिहितो आणि पुढचा रकाना मोकळा सोडतो. तो रकाना प्रेसमधून फोनवर आकडा आल्यावरच भरायचा. मुखपृष्ठासाठी याच्याही पुढे जातो : विंडोजमध्येच असलेल्या सर्टयूटिल या आज्ञेने दोन्हीकडे एसएचए-२५६, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढून जुळवतो. नवीन मुलांना हे जास्तीचं वाटतं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना तो सातवा फर्मा दाखवते. अर्धवट फाइल मी मुद्दाम जपून ठेवली आहे. उघडायला गेलं की एरर येते, नाव मात्र अगदी बरोबर.

आज आम्ही सात जण आहोत, पोटमाळा सोडून खालचा गाळाही घेतला आहे. दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री दीड-दोनला तुर्भ्याहून फोन येतो. काका एकेक आकडा सावकाश वाचतात, ऑपरेटर मागून म्हणतो आणि वहीतला रकाना भरतो.